एका क्रियाविशेषणाची चौकशी

लॉन्ड्रीत कुणाचं कुणाला ऐकू येत नसे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल. हॉस्पिटलच्या तळघरात चादरी आणि गाऊन धुणारे ते मोठाले ड्रम एकदा का फिरायला लागले, की शेजारच्या माणसानं कानाशी तोंड नेऊन बोंब मारली तरी ती वाफेत विरून जायची. त्यात कपडे पिळणारं यंत्र वेगळं, आणि रोलरच्या इस्त्रीची घरघर वेगळी. म्हणून तिथल्या बायका ओठांनी आणि हातांनी बोलायच्या. ओठ मोठे करून हलवायचे, हात त्यांच्या जोडीला लावायचे, आणि समोरचीनं ते बघून जसंच्या तसं परत करून दाखवायचं. म्हणजे, बाई, तू जे सांगितलंस ते मला असं दिसलं, बघ बरोबर आहे का. बरोबर असेल तर पहिली मान हलवणार, आणि मगच दुसरी हातातलं काम उचलणार.

ही पद्धत कुणी वरून लादली नव्हती. कधीतरी ऑपरेशनच्या खोलीतले गाऊन साध्या वॉर्डाच्या चादरींबरोबर एकाच ड्रममध्ये गेले आणि मोठा घोळ झाला, तेव्हापासून ती अंगवळणी पडली. आणि तिला एक शिस्त होती. परत करून दाखवताना आपल्या पदरचं काही घालायचं नाही, समोरच्याचं काही गाळायचं नाही. समोरचीनं नाक खाजवत सांगितलं तर आपणही नाक खाजवायचं. कुठली हालचाल कामाची आणि कुठली नाकाची, याचा निवाडा करत बसायला ड्रम कुणासाठी थांबत नाही.

थोरली या शिस्तीत मुरलेली होती. तिला सगळी लॉन्ड्री थोरलीच म्हणायची, आणि लॉन्ड्रीचं ऐकून वरचे डॉक्टरसुद्धा. अंगानं आडवी, चालताना डुलणारी, बोलायला फटकळ. नवरा गेल्यावर हॉस्पिटलच्या मागच्या चाळीतल्या दोन खोल्यांत ती आणि तिची नणंद, दोघीच राहायच्या. खोल्या नोकरीबरोबर मिळालेल्या. नणंदेचे गुडघे कामातून गेलेले, त्यामुळे जिना उतरणं बंद, पण जिभेला काही झालेलं नव्हतं. तिनं जेवताना मीठ मागितलं की थोरलीचा हात सवयीनं आधी मीठ चिमटीत धरल्याची खूण करायचा, आणि मग बरणीकडे जायचा. नणंद म्हणायची, "अगं वहिनी, मी काय ड्रम आहे का? ऐकू येतंय मला तुझं गप्प बसणं. मीठ दे."

तर जुने सुपरवायझर निवृत्त झाले आणि नवे साहेब आले. तरुण होते. शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद, चष्म्याची काच लखलखीत. पहिल्याच सकाळी ते तळघराच्या पायऱ्या उतरले आणि सरळ थोरलीसमोर येऊन उभे राहिले, कारण सगळ्यांत वयानं मोठी तीच दिसत होती. त्यांनी तोंड उघडलं. काहीतरी चादरींबद्दल होतं. 'च'वर ओठ ताणले गेले, सुटले, पुन्हा ताणले गेले, पुन्हा सुटले, आणि मग तिसऱ्या खेपेला अख्खा शब्द बाहेर पडला. तेवढा वेळ त्यांचा उजवा हात मांडीवर आपटत होता.

थोरलीला आवाज कुठला ऐकू येतोय? तिला दिसलं ते तिनं घेतलं. तीनदा च, मग चादरी, आणि मांडीवर हात. लॉन्ड्रीत मांडीवर हात आपटणं म्हणजे 'लवकर'. तिनं सगळं परत करून दाखवलं. ओठ ताणले, सोडले, ताणले, सोडले, चादरी म्हटलं, आणि आपल्या रुंद मांडीवर तीन चापट्या मारल्या. मग मान वर करून ती त्यांच्या होकाराची वाट बघत राहिली.

साहेबांनी मान हलवली नाही. त्यांचा चेहरा धुतल्या चादरीसारखा झाला. थोरलीच्या पाठीमागे घडी घालायच्या टेबलाशी तीनचार जणी उभ्या होत्या. त्यांनी सकाळी लिफ्टपाशी साहेबांना बोलताना ऐकलं होतं. त्यांना माहीत होतं. त्या तोंडावर हात धरून हसत होत्या. ते थोरलीला दिसलं नाही, साहेबांना दिसलं. ते वळले आणि आल्या पावली पायऱ्या चढून गेले.

'घाईत दिसतायत,' असं म्हणून थोरलीनं चादरींच्या गाड्या भरल्या. तीनदा म्हणाले म्हणून तीन. त्या ढकलत ढकलत तिनं लिफ्टशी नेऊन लावल्या, आणि कामाला लागली. तिच्या हिशेबी दिवस चांगला सुरू झाला होता.

दुपारी वरून बोलावणं आलं. टायपिस्टबाईंच्या खोलीत.

टायपिस्टबाई म्हणजे कार्यालयातली एकमेव बाई, जी लॉन्ड्रीतल्या बायकांशी बसून चहा प्यायची. थोरलीपेक्षा वयानं थोडी लहान, पण दोघींचं अगं-तुगं होतं. तिनं खुर्ची पुढे सरकवली आणि दार लोटून घेतलं.

"काय करून आलीस गं?"

"काय केलं?"

"नव्या साहेबांनी तुझी लेखी तक्रार दिलीय. ऑफिसातल्या मोठ्या मॅडमनी मला सांगितलंय, कर्मचाऱ्याला तिच्या भाषेत समजावून सांगा आणि मराठी प्रत तयार करा. चौकशी लावलीय. थोरले, हे साधं नाही. अपमान ठरला ना, तर नोकरी जाते. आणि नोकरी गेली की खोल्या."

थोरलीनं अॅप्रनला हात पुसले. ते कोरडेच होते. "वाच."

टायपिस्टबाई इंग्रजीतून बघत मराठीत सांगू लागली. "मी सदर महिला कर्मचाऱ्याला कामाची सूचना देत असताना तिनं माझं बोलणं आणि माझी हालचाल सर्वांसमोर, मग हा शब्द आहे, मग, करून दाखवली."

"कुठला शब्द?"

"मॉकिंगली."

"म्हणजे?"

"तोच तर विचार करतेय मघापासून. बघ, वेडावून असं लिहिलं तर?"

"वेडावतात ती पोरं. जीभ काढून."

"म्हणून तर. हलकं आहे ना, चालून जाईल. मॅडम म्हणतील, बाई वेडावली, सोडून द्या. नाहीतर मग चिडवत लिहू का? चिडवत चांगलंय. दीर-भावजय चिडवतात एकमेकांना."

"तो माझा दीर आहे?"

"अगं, तुला वाचवायला बघतेय मी!"

"त्यांनी लिहिलंय तेच सांग," थोरली म्हणाली. "हलकं करू नकोस. आम्ही खाली काही गाळत नाही, तू वर बसून गाळायला लागलीस तर कसं? त्यांच्या तोंडून जे आलंय ते माझ्यापर्यंत येऊ दे."

टायपिस्टबाईनं चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. "मग ऐक. वेडावणं नव्हे, चिडवणं नव्हे. टोमणा तर नव्हेच, टोमण्याला शब्द लागतात. हा उपहास आहे. समोरच्याचंच काहीतरी उचलायचं, त्यालाच परत दाखवायचं, ते अशासाठी की तो बारीक व्हावा आणि भोवतीच्यांनी हसावं. ते सगळं या एका शब्दात आहे. उपहासानं करून दाखवली, असंच लिहावं लागेल."

"आणि हा शब्द काढला तर?"

टायपिस्टबाईनं पुन्हा कागदाकडे पाहिलं आणि तिला हसूच आलं. "काढला तर काहीच उरत नाही गं. सुपरवायझरनं सूचना दिली, कर्मचाऱ्यानं सर्वांसमोर ती परत करून दाखवली. शाबासकी द्यावी लागेल तुला."

"मग सगळा गुन्हा त्या शब्दात आहे?"

"सगळा. तू काय केलंस ते कुणी नाकारत नाही. कसं केलंस, एवढंच भांडण."

"मी परत करून दाखवलं. सगळ्यांना दाखवते तसं. त्यांचं तोंड तीनदा तसं झालं, माझं तीनदा झालं."

टायपिस्टबाई तिच्याकडे बघतच राहिली. "तुला माहीत नाही?"

"काय?"

"ते अडखळतात गं बोलताना. लहानपणापासून असणार. लिहिताना अडखळत नाहीत म्हणून तर असं पानभर लिहिलंय, आणि तेही इंग्रजीत."

थोरलीनं बोटं मोजली. मग म्हणाली, "म्हणजे गाड्या तीन नको होत्या?"

"कुठल्या गाड्या?"

थोरलीनं सांगितलं. टायपिस्टबाईनं हसू दाबायला टेबलावर डोकं टेकलं. थोरलीही हसली असती, पण तिला नोकरी आणि खोल्या आठवल्या. खोल्या गेल्या तर नणंदेला घेऊन जायचं कुठे? ते गुडघे घेऊन कुठला जिना चढायचा?

माणसाचं मन कसं असतं बघा. तिला आधी त्या तरुण माणसाची दया यायला हवी होती. यायची होतीच ती, वाटेत होती. पण राग तिच्याआधी पोचला. मला विचारायचं होतं ना, असं तिला वाटत राहिलं. बाई, हे काय करतेस, एवढं एक वाक्य विचारलं असतं. अडखळत विचारलं असतं तरी मी थांबले असते. ते नाही. वर जाऊन इंग्रजीत लिहिलं, आणि माझ्या कपाळावर तो शब्द चिकटवला. उपहास म्हणे. उपहास कसा असतो ते बघायचंय का?

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब पुन्हा तळघरात उतरले. या खेपेला ते कुणाशी बोलले नाहीत, नुसते ड्रमच्या रांगेतून चालत आले. थोरलीनं हातातल्या चादरी खाली ठेवल्या. ती त्यांच्या वाटेत, बरोबर मधोमध जाऊन उभी राहिली. घडीच्या टेबलावरचे हात थांबले.

तिनं हात जोडले. कपाळापर्यंत नेले. मग वाकली, इतकी वाकली की तिला त्यांच्या बुटांच्या नाड्या दिसल्या. वर येऊन ती ओठांनी सावकाश, एकेक अक्षर लोण्यात घोळवल्यासारखं म्हणाली, "चुकले, साहेब. एवढं पोटात घाला. तुम्ही मोठे." आणि म्हणता म्हणता टेबलाकडची तिची भुवई वर गेली. एकच. साहेबांच्या बाजूची जागची हलली नाही.

टेबलाशी चादरींत तोंडं खुपसली गेली. एक जण खाली वाकून काहीतरी शोधायला लागली.

साहेब उभेच राहिले. मग त्यांनी चष्मा काढला, बाहीनं डोळे पुसले, चष्मा पुन्हा लावला. आणि त्यांनीही हात जोडले. नीट, शाळेतल्या मुलासारखे, छातीशी. काहीतरी म्हणाले ते. ओठ दोनदा अडले. मग ते वर निघून गेले.

संध्याकाळी थोरलीनं घरी येऊन सगळं नणंदेला करून दाखवलं. वाकणं, लोणी, भुवई. नणंद पलंगावर बसल्या बसल्या हसत सुटली. "अगं आई गं! भुवई अजून एकदा कर. अजून एकदा! वहिनी, तू इथे काय चादरी धुतेस? तुझं तिकीट लावायला हवं."

हसून हसून तिचे डोळे भरले. ते पुसता पुसता ती म्हणाली, "आणि तो? त्यानं काय केलं?"

"त्यांनी हात जोडले."

"कुणाला?"

"मला."

"तो पण नाटक करत होता?"

"नाही." थोरली भाजी निवडायला बसली होती. "डोळे पुसले त्यांनी."

नणंद पलंगावर जरा सावरून बसली. मग हळूच म्हणाली, "आता थोड्या वेळानं देवापुढे बसशील तेव्हा हेच हात जोडणार ना गं?"

"वन्सं, टोचू नका."

"मी कुठे टोचतेय? विचारलं आपलं. मी तर हसले की पोट धरून. देवानं विचारलं तर मला पण उभं करतील तुझ्याशेजारी. गुडघ्यांमुळे जरा वेळ लागेल, एवढंच."

थोरली उठून गॅसपाशी गेली. तिची पाठ नणंदेकडे होती, आणि नणंदेनं ती पाठ तशीच राहू दिली.

चौकशीच्या दिवशी टायपिस्टबाई मॅडमच्या खोलीबाहेर उभीच होती. थोरलीला बघून तिनं तिचा दंड धरला. "सुटलीस! साहेब तक्रार मागे घेतायत. आत जायचं, मान खाली घालायची, सही करायची, बाहेर यायचं. तोंड उघडू नकोस. तुला सांगतेय, हं?"

आत मॅडम टेबलामागे बसल्या होत्या. साहेब खिडकीशी. टायपिस्टबाई कॉम्प्युटरपाशी जाऊन बसली. थोरलीला खुर्ची दिली, पण ती उभीच राहिली.

"यांना काही सांगायचंय," मॅडम म्हणाल्या.

साहेबांचा आवाज थोरली पहिल्यांदाच ऐकत होती. आवाज चांगला होता, खालच्या पट्टीतला. शब्द अडले की ते थांबायचे, मांडीवर हात आपटायचा, आणि मग शब्द यायचा.

"म-मी तक्रार परत घेतो, मॅडम. माझी न-नक्कल लोक शाळेपासून करतात. मास्तरसुद्धा करायचे. त्याची सवय आहे मला. पण या बाईंनी सगळ्यांसमोर हात जोडून म-माफी मागितली. अशी माझी माफी कधी क-कुणी मागितली नव्हती. मी घरी आईला सांगितलं. तिला फ-फार बरं वाटलं."

"छान," मॅडम म्हणाल्या. "मग झालंच. बाई, इथे सही करा. तक्रार मागे घेतली, माझं काही म्हणणं नाही, असं लिहिलंय."

थोरलीनं पेन घेतलं. समोर सहीची रेघ होती. सही केली की नोकरी तिची, खोल्या तिच्या, नणंदेचा पलंग जिथल्या तिथे. तिनं पेनाचं टोपण काढलं. मग पुन्हा लावलं.

"यांच्या आईला सांगितलं?" तिनं टायपिस्टबाईला विचारलं, जणू तीच काय ते सांगू शकणार होती.

टायपिस्टबाईनं डोळे मोठे केले. सही कर.

"साहेब," थोरली म्हणाली, "ते हात खोटे होते."

टायपिस्टबाईनं कळफलकावरचे हात उचलले.

"तुमच्याकडची भुवई खाली होती. बायकांकडची वर होती. मी तुमची टिंगल केली त्या दिवशी. त्या हसत होत्या, चादरींत तोंड घालून. तुम्ही वर गेल्यावर मोठ्यानं हसल्या. मी घरी जाऊन परत करून दाखवलं, घरीपण हसलो आम्ही." तिचा आवाज आता चिरकत होता. "तुमच्या आईला हे नका सांगू."

साहेब तिच्याकडे बघत होते. त्यांचा हात मांडीवर होता, पण आपटत नव्हता.

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय बोलताय? ही तर सरळ कबुली झाली. तक्रारीत जो शब्द आहे तो तुम्ही स्वतः मान्य करताय."

"तो शब्द मी हात जोडले त्या दिवसाला लागतो. आदल्या दिवसाला लागत नाही."

"आदल्या दिवशी काय झालं मग?"

थोरलीनं सांगितलं. ड्रमचा आवाज, परत करून दाखवायची रीत, गाळायचं नाही आणि घालायचं नाही. मॅडम मधेच म्हणाल्या, "हे कुठे लिहिलेलं आहे का?" आणि थोरली म्हणाली, "आमच्यात लिहिता कुणाला येतं ओल्या हातांनी?" आणि मग तीन गाड्यांचं सांगितलं.

साहेबांनी मान वर केली. "त-त्या गाड्या तुम्ही लावल्या होत्या? लिफ्टपाशी?"

"हो. तीनदा म्हणालात ना."

"मला एक ह-हवी होती. दिवसभर मी वर विचारत फिरलो, या एवढ्या चादरी क-कुणी पाठवल्या म्हणून. सगळ्या वॉर्डांनी हात वर केले." त्यांच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं आणि लगेच थांबलं. "म्हणजे तुम्हाला खरंच म-माहीत नव्हतं."

"देवाशपथ नव्हतं. आणि माहीत झाल्यावर मला तुमची कीव यायला पाहिजे होती, तर राग आला. माझ्याच घराचं बघत होते मी."

मॅडमनी टेबलावर पेन्सिल ठेवली. "हे पाहा, मला नियमानं जावं लागेल. पहिल्या दिवशीचा गैरसमज, समजू शकते. पण दुसऱ्या दिवशी यांनी ठरवून, सगळ्यांसमोर," त्यांनी टायपिस्टबाईकडे वळून विचारलं, "काय शब्द लावलात तुम्ही?"

"उपहासानं," टायपिस्टबाई अगदी खाली बघत म्हणाली.

"उपहासानं. सुपरवायझरांची तशी तक्रार आली तर मला कारवाई करावीच लागेल."

सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते. हॉस्पिटलच्या आवारात कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं आणि त्याचं एक चाक तिरकं चालत होतं.

"माझी तक्रार प-पहिल्या दिवसाची आहे," ते म्हणाले. "ती चुकीची निघाली. ती मी म-मागे घेतो."

"आणि दुसऱ्या दिवसाची?"

"दुसऱ्या दिवसाची तक्रार नाही."

"अहो, पण खरा अपमान तर तोच झाला ना?"

"हो. राग आहे मला त्याचा." त्यांनी थोरलीकडे पाहिलं, आणि तो राग तिला स्वच्छ दिसला. "राग आहे. त-तक्रार नाही. जे जे मला हसले, त्यातला एकही माणूस आजवर मला स-सांगायला आला नव्हता की हसत होतो म्हणून. आणि या तर सुटल्या होत्या, मॅडम. सही तेवढी राहिली होती."

मॅडमनी सुस्कारा सोडला. "ठीक आहे. तोंडी समज देते. बाई, पुन्हा असं होता कामा नये."

"नाही होणार."

टायपिस्टबाईचे हात कळफलकावर फिरू लागले. थोरलीनं सही केली. तिची सही नेहमी तिरकी यायची, आज आणखीच तिरकी आली.

बाहेर व्हरांड्यात तिनं साहेबांना गाठलं. "साहेब," ती म्हणाली, आणि तिचे हात आपसूक एकमेकांजवळ यायला लागले.

"नको," साहेब म्हणाले. आवाज तुटक होता. "आत्ता न-नको. तुम्ही आता कसेही हात जोडलेत तरी मी भुवईच बघणार."

थोरलीचे हात जागीच थांबले. मग तिनं ते अॅप्रनच्या खिशात घातले. दोघं जिन्याकडे चालू लागली, कारण दोघांनाही खालीच जायचं होतं. एकाच जिन्यानं. हा जिना फार अडचणीचा वाटतो अशा वेळी.

मधल्या वळणावर साहेब थांबले. खालून ड्रमची घरघर आता पायांना जाणवायला लागली होती.

"खाली तुम्ही एकमेकींना ह-हाका कशा मारता? नाव तर ऐकू येणार नाही."

"खुणा असतात. प्रत्येकीला एक. मला अशी." तिनं दोन्ही हात बाजूला पसरून आपली रुंदी दाखवली. "टायपिस्टबाईला टेबलावर बोटं वाजवायची. मॅडमना," ती अडखळली, "जाऊ दे मॅडमचं."

"आणि मला?"

थोरलीनं पायऱ्यांकडे पाहिलं.

"मला प-पडली असेल ना एव्हाना?"

"पडलीय."

"दाखवा."

थोरलीनं खिशातून हात बाहेर काढला. तिला तो जड वाटला. तिनं दोन बोटं ओठांवर ठेवली, आणि ओठ बंद करून ती बोटं दाराच्या कडीसारखी दोनतीनदा खडखडवली. अडकलेली कडी. उघडत नाही अशी.

साहेबांनी बघितलं. पुन्हा करा, अशी खूण त्यांनी हातानं केली. तिनं पुन्हा केली. मग त्यांनी स्वतः करून बघितली, चष्म्यामागचे डोळे बारीक करून, एखादं यंत्र कसं चालतं ते बघावं तशी.

"असं?"

"बोटं जरा वर. तेवढं खाली नाही." आणि मग तिला एकदम रडू आलं. तिनं ते बाहीनं पुसलं. साहेबांनी ते बघितलं, आणि या खेपेला त्यांनी तिच्या भुवईकडे पाहिलं नाही.

"ही ब-बदलता येते का?" त्यांनी विचारलं.

"एकटीनं नाही बदलत ती. मी आजपासून वेगळी करीन. टेबलाजवळच्या बघतील, विचारतील हे कोण म्हणून, मी तुमच्याकडे बोट दाखवीन. मग एखादी करायला लागेल. एखादी नाही करणार, तिला मी बघून घेईन."

"वेगळी म्हणजे क-कुठली?"

थोरलीनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. चष्मा, बंद बाह्या, चकचकीत बूट. खोटं काही तिला आता दाखवायचं नव्हतं, आणि खरं तिला अजून काही माहीत नव्हतं.

"आत्ता कशी सांगू, साहेब? तुम्हाला काम करताना मी पाहिलंय कुठे अजून? चार दिवस जाऊ द्या. तुम्ही कशाला हात घालता, कुठे उभे राहता, बघते. त्यावरनं पडेल ती."

"आणि त-तोवर?"

"तोवर तुमच्याजवळ येऊन खांद्याला हात लावीन. चालेल?"

खालच्या दारातून वाफेचा एक लोट वर आला आणि साहेबांच्या चष्म्याच्या काचा धुरकट झाल्या. त्यांनी चष्मा काढून हातात धरला.

"चालेल," ते म्हणाले, आणि उरलेल्या पायऱ्या अंदाजानं, कठड्याला धरून उतरू लागले. थोरली त्यांच्या मागोमाग, एक पायरी सोडून.